पुस्तक, पडदा आणि कोपऱ्यातला पिवळा डाग

आधी उत्तर, मग कारणं. हे चित्र कुणाकडूनही ‘पूर्ण’ करून घेऊ नका. साफ करायला द्यायचीही घाई नको. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातला जो पिवळा डाग तुमच्या डोळ्यांत खुपतोय, त्याला तर बोटही लावू नका.

तुमचं पत्र इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही नोकरीनिमित्त मिलानला राहता. तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात तुम्ही कॅनव्हासवरचं एक तैलचित्र घेतलंत, साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरचं. मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली स्त्री, तिच्याकडे झुकलेला तरुण, मागे पडद्याशी एक काळी आकृती. चेहऱ्यांना नाक-डोळे जवळजवळ नाहीतच. मागे लाकडी चौकटीवर पेन्सिलीनं ‘बोत्सेत्तो’ असं लिहिलंय. विकणाऱ्यानं सांगितलं की चित्र एकोणिसाव्या शतकातलं आहे आणि विषय इटालियन महाकवी दान्तेचा आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. हे अर्धवट सोडलेलं चित्र आहे का? खरं आहे की नक्कल? आणि पुण्याला घरी नेण्याआधी ते नीट करून घ्यावं का? मी गेली तीस वर्षं जुन्या तैलचित्रांच्या संवर्धनाचं काम करते आहे. त्यातला बराच काळ इटालियन चित्रांबरोबर गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोत्सेत्तो म्हणजे अर्धवट चित्र नव्हे. मोठ्या चित्राआधी चित्रकारानं स्वतःशी केलेला तो विचार असतो, फक्त रंगात केलेला. त्या काळी इटलीतल्या अकादमींमध्ये इतिहासचित्राची एक ठरलेली वाट होती. आधी कागदावर रचनेचे पाच-दहा छोटे आराखडे. मग त्यातला एक निवडून तेलरंगात हे लहान चित्र. मग मॉडेल बसवून एकेका आकृतीचा अभ्यास, कित्येकदा आधी विवस्त्र आणि नंतर कपड्यांसह. मग पूर्ण आकाराचं रेखाटन, ते कॅनव्हासवर उतरवणं, पहिला पातळ थर आणि मग महिनोन् महिने चालणारं रंगकाम. या वाटेवर बोत्सेत्तोचं काम एकच असतं: उजेड कुठून येणार, कुठं पडणार आणि कुठं मुळीच पडणार नाही, हे ठरवणं. नाक-डोळे त्या प्रश्नात येतच नाहीत, म्हणून ते काढलेले नसतात. चित्रकाराला वेळ मिळाला नाही किंवा जमलं नाही, असं काही नाही.

बोत्सेत्तोवर कामं मिळायची आणि जायची. १८५९ मध्ये तोस्काना या इटलीतल्या प्रांताच्या हंगामी सरकारनं, बेत्तीनो रिकासोली यांच्या काळात, चित्र-शिल्पांची मोठी स्पर्धा जाहीर केली. तिच्यासाठी चित्रकारांनी बोत्सेत्तो पाठवले. जोव्हान्नी फात्तोरी यांचा माजेंताच्या लढाईनंतरच्या इटालियन छावणीचा बोत्सेत्तो निवडला गेला आणि त्यावरून जवळजवळ साडेतीन मीटर रुंदीचं चित्र १८६२ पर्यंत तयार झालं. ते आज फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यातल्या आधुनिक कलेच्या दालनात आहे. म्हणजे परीक्षकांना अशी बिनचेहऱ्याची चित्रं वाचता येत होती. आपली ती सवय गेली आहे, एवढंच.

आता तुमचं चित्र वाचू. पाठवलेल्या फोटोंवरून विषय पाओलो आणि फ्रान्चेस्का हाच वाटतो. दान्तेच्या ‘इन्फेर्नो’च्या, म्हणजे नरकावरच्या काव्याच्या, पाचव्या सर्गात फ्रान्चेस्का स्वतः ही हकिकत सांगते. ती आणि तिचा दीर पाओलो आर्थर राजाच्या लान्सलॉट या सरदाराच्या प्रेमाची कथा वाचत बसले होते. कथेतल्या चुंबनापाशी आल्यावर पाओलोनं थरथरत तिचं चुंबन घेतलं. त्यापुढे ती एवढंच म्हणते की त्या दिवशी आम्ही पुढे वाचलं नाही. नवऱ्यानं दोघांना मारलं, हे त्या सर्गात जेमतेम एका ओळीत येतं. पडदा नाही, दाराआड उभा राहिलेला नवरा जानचोत्तो नाही, तलवारही नाही. ते सगळं नंतरच्या टीकाकारांनी, बोकाच्चो या लेखकानं आणि पुढे रंगभूमीनं भरलं. सिल्व्हिओ पेलिको यांचं फ्रान्चेस्कावरचं नाटक १८१५ मध्ये मिलानमध्येच रंगमंचावर आलं. त्यातली तिच्या प्रेमाची आणि इटलीच्या नावाची ओढ एकत्र ऐकणारा प्रेक्षक परकीय सत्तेखाली राहत होता. पुढे पेलिकोंना ऑस्ट्रियन सरकारनं अटक करून स्पीलबर्गच्या किल्ल्यात डांबलं. त्यानंतर अर्धं शतक हा विषय इटालियन चित्रकारांच्या हातून सुटला नाही. १८६५ मध्ये दान्तेच्या सहाशेव्या जयंतीला फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचेच्या चौकात त्याचा पुतळा उभा राहिला, त्याच वर्षी ते शहर नव्या इटलीची राजधानी झालं. दान्ते रंगवणं म्हणजे देश रंगवणं, असं मानणारी ती पिढी होती.

म्हणून अशा चित्रात मी सगळ्यात आधी पुस्तक कुठं आहे ते बघते. पुस्तक उघडं आणि दोघांची नजर त्यावर असेल, तर चित्रकारानं वाचनाचा क्षण निवडलाय. पुस्तक हातातून निसटत असेल तर चुंबनाचा. जमिनीवर पडलं असेल तर शेवट आलाय. तुमच्या चित्रात पुस्तक मांडीवर उघडं आहे, पण स्त्रीचं तोंड त्यावरून वळलंय आणि तरुणाचं डोकं तिच्या डोक्याच्या किंचित खाली आहे. हा ‘वाचणं थांबलं’ तो क्षण आहे, चुंबनाच्या एक श्वास आधीचा. मला हा निर्णय फार आवडला. बहुतेक जण चुंबनच रंगवतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. फोटोत सगळ्यात उजळ जागा तिचा चेहरा नाही, पुस्तकाचं पान आहे. पानावरून उजेड उलटून तिच्या गळ्याखाली आणि हनुवटीवर पडतो. खिडकी चित्रात नाहीच, ती डावीकडे चौकटीबाहेर असावी. चित्रकारानं पुस्तकालाच दिवा केलंय. मोठ्या चित्रात हे टिकवणं महाकठीण असतं. कारण चेहरे नीट रंगवायला घेतले की प्रत्येक चेहऱ्याला आपापला उजेड द्यावा लागतो आणि पानावरचा प्रकाश मागे पडतो. इतिहासचित्रांच्या बाबतीत मी हे वारंवार पाहिलंय. बोत्सेत्तोत एक गोष्ट बोलत असते, मोठ्या चित्रात सगळ्याच बोलायला लागतात. मखमलीची घडी, कमरपट्ट्याचं बक्कल, खुर्चीच्या पायावरचं कोरीवकाम, सगळंच सारख्या आवाजात.

हे त्या काळच्या माणसांनाही कळत होतं. फ्लॉरेन्सच्या काफे मिकेलांजोलोमध्ये जमणारे तरुण चित्रकार, ज्यांना पुढे टिंगलीनं ‘माक्कियाइओली’ म्हणजे डागवाले म्हटलं गेलं, ते याच अकादमींतून शिकून आले होते. बोत्सेत्तोतला उजेड-अंधाराचा डाग त्यांनी शेवटच्या चित्रापर्यंत जपायचा हट्ट धरला. मध्ययुगीन आणि साहित्यातले विषयही त्यांनी वर्ज्य मानले नव्हते. त्यांच्यातल्या वितो द’आन्कोना यांनी दान्ते आणि त्याची प्रेयसी बेआत्रीचे यांच्या भेटीचा विषय हाताळला होता. आणि नेपल्समध्ये वित्तोरियो इम्ब्रियानी या समीक्षकानं १८६८ च्या सुमारास फिलिप्पो पालित्सी यांच्या स्टुडिओतल्या एका वीतभरही नसलेल्या कागदाबद्दल लिहिलं. त्यावर रंगाचे चार-पाच फटकारे होते, कशाचं चित्र आहे ते ओळखू येत नव्हतं, तरी त्यांचा मेळ इतका पक्का होता की नजर हटत नव्हती. चित्राचा जीव त्या डागात असतो, असं इम्ब्रियानींचं म्हणणं. मी ते अक्षरशः मानते.

आता ‘खरं की नक्कल’. इथे शक्यता दोन नसून निदान चार आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. मोठ्या चित्राआधी केलेला बोत्सेत्तो ही एक. मोठं चित्र विकलं गेल्यावर चित्रकारानं आठवण म्हणून किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेली लहान आवृत्ती ही दुसरी. तिला ‘रिकोर्दो’ म्हणतात. विद्यार्थ्यानं केलेली नक्कल ही तिसरी. आणि प्रसिद्ध चित्राच्या छापील प्रतीवरून केलेलं काम ही चौथी. पाओलो-फ्रान्चेस्काच्या बाबतीत चौथीचा धोका सगळ्यात मोठा. फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराची दान्तेवरची रेखाचित्रं १७९३ मध्ये रोममध्ये तांब्यावर कोरली गेली. आंग्र या फ्रेंच चित्रकारानं इटलीत राहून हा विषय अनेकदा रंगवला. त्यांचं १८१९ चं चित्र, ज्यात हातातून पुस्तक निसटतंय आणि मागून नवरा तलवार उपसतोय, ते पुढच्या कित्येकांचा साचा झालं. १८६१ पासून गुस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराची दान्तेवरची छापील चित्रं घरोघरी पोचली. या तिन्हींच्या प्रतिमा समोर ठेवा आणि आपल्या चित्राची रचना ताडून बघा. उलट्या बाजूनंही बघा, कारण छापात चित्र कधीकधी डावं-उजवं होतं. तुमची रचना मला या तिन्हींपैकी कुणाची वाटत नाही. पण फोटोवरून शपथ घेणार नाही.

नक्कल आणि बोत्सेत्तो यांतला फरक हातात दिसतो. नक्कल करणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याचा ब्रश चुकत नाही. तो कडेपाशी सावकाश जातो आणि नेमका थांबतो. शोधणाऱ्याचा ब्रश चुकतो आणि परत येतो. चित्र खिडकीपाशी धरून एका बाजूनं टॉर्चचा उजेड अगदी तिरका टाका. रंगाचे उंचवटे दिसायला लागतील. तरुणाच्या खांद्यापाशी, फोटोतही, मला एक जाडसर कड दिसते आहे. ती आताच्या खांद्याच्या रेषेवर नाही, दोनेक सेंटिमीटर वर आहे. तिथे आधी दुसरा खांदा असावा. तो ताठ बसला होता, नंतर चित्रकारानं त्याला झुकवलं. हे खरं ठरलं तर नकलेची शक्यता बरीच कमी होते. झुकण्याचा निर्णय या कॅनव्हासवरच झाला, असा त्याचा अर्थ.

तसंच रंगाखाली किंवा रंगावर पेन्सिलीच्या चौकटी आहेत का बघा. आपल्याकडचे पोस्टर आणि बॅनर रंगवणारे ज्याला ‘ग्राफ टाकणं’ म्हणायचे, तेच हे. मोठ्या कॅनव्हासवर चित्र वाढवून नेण्यासाठी लहान चित्रावर चौकटी आखत. वाळलेल्या रंगाच्या वर ग्राफ असेल तर हे चित्र पुढच्या कामासाठी वापरलं गेलं, हा चांगला पुरावा. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. मोठं चित्र कधी झालंच नाही, अशा बोत्सेत्तोंची संख्या खूप आहे.

मागच्या ‘बोत्सेत्तो’ या शब्दाला मी फार किंमत देत नाही. तो कुणीही, कधीही लिहिला असेल, आणि विक्रेत्यांना तो शब्द आवडतो. त्याऐवजी चौकटीवर कागदाची जुनी चिठ्ठी, लाखेचा शिक्का, रंगसाहित्याच्या दुकानाचा ठसा, प्रदर्शनाचा क्रमांक असं काही आहे का ते बघा. खिळे बघा. कॅनव्हासच्या दुमडलेल्या कडा बघा. या कडांबद्दल पुढे सांगते.

रंगांवरून काळाचा अंदाज येतो, पण तो प्रयोगशाळेत. थोडक्यात एवढंच की मूळ थरात टायटॅनियमचा पांढरा सापडला तर चित्र एकोणिसाव्या शतकातलं नाही, कारण तो रंग विसाव्या शतकात आला. झिंकचा पांढरा शतकाच्या मध्यापासून तेलरंगात रुळला. पडद्याशी असलेल्या काळ्या आकृतीत मगरीच्या पाठीसारख्या रुंद भेगा दिसतायत. तिथे बिट्युमेन, म्हणजे डांबराच्या जातीचा तपकिरी रंग असण्याची दाट शक्यता आहे. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांना त्याची ऊब फार आवडायची. तो पुरता वाळत नाही, आणि वरचे थर आपल्याबरोबर ओढत सरकतो. ही भेग दुरुस्त होत नाही. तिच्यासह जगायचं असतं. त्या भागाला उष्णता आणि तीव्र सॉल्व्हेंट, दोन्हींचा धोका आहे.

इथे मी एक अनुभव सांगते, कारण तुम्ही ‘नीट करून घ्यावं का’ असं विचारलंय. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबानं असाच एक लहान बोत्सेत्तो माझ्याकडे आणला. तोही मध्ययुगीन कथेतला प्रसंग होता, दरबारात गोष्ट सांगणारी मंडळी. माझ्याकडे येण्याआधी तो एका फ्रेमवाल्याकडे जाऊन आला होता. त्यानं चांगल्या हेतूनं मागून नवा कॅनव्हास चिकटवला होता, सरस-खळीनं आणि गरम इस्त्रीनं. जाड रंगाचे सगळे उंचवटे दाबून सपाट झाले होते. ब्रशनं उचललेला रंग जिथे टोकदार उभा असायला हवा तिथे चकचकीत चपटी जागा होती. शिवाय फ्रेममध्ये बसावं म्हणून त्यानं चारही बाजूंच्या कडा कापल्या होत्या. वर जाड वार्निश मारलं होतं. लांबून बघितलं तर चित्र स्वच्छ आणि तुकतुकीत दिसत होतं. तिरका उजेड टाकला तेव्हा मला रडू आलं. वार्निश मी उतरवलं. कडा आणि उंचवटे परत आणता आले नाहीत.

कडांचं महत्त्व मला त्या दिवशी कळलं. बोत्सेत्तो करताना चित्रकार रंग मिसळतो आणि तो बरोबर झाला का हे बघायला जवळची मोकळी जागा वापरतो. कॅनव्हासची कड, दुमडलेला भाग, कोपरा. तिथे ब्रश पुसलेला असतो, दोन रंग शेजारी ठेवून पाहिलेले असतात, कधी एखादी आकृती आकडे टाकून वाढवलेली असते. मोठ्या चित्राच्या पूर्णत्वात यातलं काहीच उरत नाही. म्हणजे त्या माणसाच्या डोक्यात सकाळी काय चाललं होतं याची नोंद फक्त तिथे असते.

तर तुमच्या चित्राचं काय करायचं. फ्रेममधून ते स्वतः काढू नका. कॅनव्हास ढिला असेल तर मागच्या चौकटीच्या पाचरी ठोकू नका. ओलं कापड, बटाटा, ब्रेड, कांदा, इंटरनेटवरचे घरगुती उपाय, यांतलं काहीही लावू नका. धूळ असेल तर अगदी मऊ, कोरड्या ब्रशनं वरवर झटका, तेही रंग कुठे उचकटलेला नाही याची खात्री करून. काळ्या आकृतीच्या जवळ तेवढंही नको. मिलानमध्ये चांगले संवर्धक आहेत. जो माणूस पहिल्याच भेटीत साफ करायचा दर सांगतो त्याच्याकडे जाऊ नका. जो आधी अतिनील दिव्याखाली बघायचं म्हणतो त्याच्याकडे जा. त्या दिव्यात जुनं नैसर्गिक राळेचं वार्निश हिरवट चमकतं आणि नंतर भरलेले रंग काळे ठिपके होऊन उठून दिसतात. दहा मिनिटांत कळतं की आपल्याआधी कुणी हात मारलाय का. आणि बोत्सेत्तोंवर कित्येकदा मूळचं वार्निश नसतंच, चित्रकारानं ते दाखवायला केलेलंच नसतं. तसं असेल तर नवं वार्निश मारू देऊ नका. मॅट रंग मॅटच राहू द्या.

घरी आणण्याबद्दल. इटलीतून जुनी कलाकृती बाहेर नेताना नियम आहेत. चित्रकार हयात नसेल आणि चित्र सत्तर वर्षांहून जुनं असेल तर ते सरकारच्या निर्यात कार्यालयाच्या नजरेखालून जावं लागतं. १३,५०० युरोंपेक्षा कमी किमतीच्या वस्तूंसाठी २०१७ पासून प्रक्रिया सोपी झाली आहे. पण तेव्हाही स्वघोषणा करावीच लागते. खरेदीची पावती जपून ठेवा आणि सामानात गुंडाळून गुपचूप आणायचा विचार मनातही आणू नका. पुण्यात आल्यावर बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात ती ओल धरते. आतल्या भिंतीवर, मागे बुचाचे छोटे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. जून ते सप्टेंबर दर महिन्याला मागची बाजू बघा. पांढरट बुरशी पहिल्यांदा तिथेच येते.

एखाद्या मोकळ्या रविवारी बेर्गामोला जा. मिलानपासून ट्रेननं तासाभराचा रस्ता आहे. तिथल्या आक्कादेमिया कार्राराच्या संग्रहात गाएतानो प्रेविआती यांचं १८८७ चं पाओलो आणि फ्रान्चेस्का आहे. त्यात पडदा नाही, दाराआडचा नवरा नाही. दोघं मरून आडवी पडलीत, एकाच तलवारीनं भोसकलेली. तो क्षण आणि तुमच्या चित्रातला वाचन थांबल्याचा क्षण यांत एकाच गोष्टीचं किती अंतर आहे ते तिथे उभं राहून बघा. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातलं हायेझ या चित्रकाराचं १८५९ चं ‘चुंबन’ हे चित्रही बघा, पण एवढं लक्षात ठेवून की मध्ययुगीन पोशाखातलं प्रत्येक प्रेमी जोडपं पाओलो-फ्रान्चेस्का नसतं. ते दोघं कोण, हे हायेझनं सांगितलेलं नाही. तुमच्या चित्रातलं पुस्तक नसतं तर मीही विषयाचं नाव घ्यायला कचरले असते.

शेवटी तो पिवळा डाग. तुम्ही लिहिलंत की तो कुठल्याच आकृतीचा भाग नाही, कुणाचा तरी हात लागून पडला असावा, आणि टर्पेंटाइनच्या बोळ्यानं निघेल का. उद्या सकाळी दहाच्या सुमारास चित्र उत्तरेकडच्या खिडकीपाशी न्या आणि त्या डागाशेजारी, न टेकवता, एक पांढरा कागद धरा. मग तोच कागद पुस्तकाच्या पानाजवळ धरा आणि नंतर तिच्या गळ्याखालच्या उजळ पट्ट्याजवळ. तुमच्या तिसऱ्या फोटोत मला तिन्ही ठिकाणी तोच रंग दिसतोय. पानावर जाड, गळ्यापाशी गुलाबीत थोडासा मिसळलेला, आणि कोपऱ्यात जसा ब्रशमधून आला तसा. पानावर लावण्याआधी चित्रकारानं तो तिथे लावून पाहिला असावा. तिन्ही जागांचे जवळून फोटो काढून मला पाठवा, शेजारी कागद ठेवूनच.